थाबोची आई

दोन हजार तीनच्या सुमारास आयर्लंडमध्ये क्लोनडॉकिनला आमच्या शेजारी आफ्रिकेतल्या लेसोथोची एक बाई राहायची. वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये कामाला होती. ओळख झाली तेव्हा तिने माझं नाव विचारलंच नाही. "तू कुणाची आई?" म्हणाली. त्यांच्याकडे बाईला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. ती स्वतः मा-थाबो, म्हणजे थाबोची आई. थाबो म्हणजे आनंद.

मी कडेवरच्या लेकीचं नाव सांगितलं.

"ही पहिली?"

"हो," मी म्हटलं. धडधडीत खोटं.

"ग्रँड!" म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत छान. "मग तू हिची आई."

तिच्या मोठ्या मुलीचं नाव मात्सेदिसो, म्हणजे सांत्वन. धाकटी भर पावसात जन्मली म्हणून पुलेंग, पावसातली. "मग आयर्लंडमधली सगळीच बाळं पुलेंग!" मी म्हटलं, तशी ती पोट धरून हसली. आम्ही पत्रिकेतलं अक्षर धरून पुस्तकातून गोंडस नावं शोधणार, आणि यांच्याकडे नुसती हाक मारली तरी घरात काय घडलं होतं ते कळतं. मला त्या नावांचा हेवाच वाटायचा.

एकदा मी सहज विचारलं, "थाबो कुठे असतो? लेसोथोला?"

"तो तीन महिन्यांचा असताना गेला," ती म्हणाली. "म्हणून तर नंतर ही सांत्वन."

"आणि तरी तुला सगळे..."

"मग? पहिला तोच ना!"

तिच्या किचनमध्ये मी हमसून हमसून रडले. माझा पहिला मुलगा पुण्यात नवव्या दिवशी गेला होता. बारसं बाराव्या दिवशी, त्यामुळे त्याला नावच मिळालं नाही. "आता विसर ते," असं सासूबाईंनी बजावलं आणि घरात पुन्हा विषय निघाला नाही. पण मी मनात एक नाव धरून ठेवलं होतं. ते तिला सांगितलं. तिने ते दोनदा नीट म्हणून पाहिलं आणि त्या दिवसापासून मला त्याची आई म्हणून हाक मारायला लागली.

त्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या. मागच्या अंगणात बसलो असताना मा-थाबोने कुंपणापलीकडून नेहमीसारखी हाक मारली.

"कुणाचं नाव घेतेय ही?"

"तुमच्या नातवाचं. पहिल्या."

मेथी निवडणारे त्यांचे हात थांबले. आता बोलणी बसणार, असंच मला वाटलं.

"मी दुसरं ठरवलं होतं गं त्याचं," त्या म्हणाल्या.

मग तो गेल्यावर पाच वर्षांनी आम्ही दोघी त्याच्या नावावरून मनसोक्त भांडलो.