सुधीरची पंखवाली फळी

मीनावहिनींचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथला कंपनीच्या गेटवरच होतो. "भाऊजी, हे गेले... झोपेतच गेले," एवढंच त्या बोलल्या. मी खुळ्यासारखं विचारलं, "झोपेत? आपला सुधीर?" आमच्या खात्यात पंपांची देखभाल करणारा हा माणूस दहा मिनिटं एका जागी बसलेला कुणी पाहिला नव्हता. जेवताना पाय हलायचा, बोलताना हातातला पाना फिरायचा, रजेच्या दिवशी घरातले सगळे नळ खोलून पुन्हा बसवायचा. असा माणूस गुपचूप झोपेत जातो म्हणजे काय? महिना उलटला, तरी मला त्याचा रागच येतो.

त्याचं शेवटचं खूळ म्हणजे ती फळी. दोन हजार चार-पाचच्या सुमारास तो घरच्यांबरोबर गोव्याला गेला आणि कुणा गोऱ्या पाहुण्याने टाकून दिलेला, मधोमध तडकलेला सर्फबोर्ड, म्हणजे लाटेवर उभं राहून घसरत जायची फळी, खरवईच्या घरी घेऊन आला. "मी बाजारात काजू आणायला पाठवलं होतं," वहिनी म्हणाल्या. जुन्या घडणीचा बोर्ड होता तो. पुढून मधेपर्यंत चांगला रुंद, आणि शेपटीच्या वीतभर अलीकडे दोन्ही कडा एकदम आत घेतलेल्या, त्यामुळे तिथे दोन छोटे कोपरे बाहेर आलेले. सुधीर त्यांना पंख म्हणायचा. चहाच्या टपरीवर बिस्किटाचे कोपरे मोडून मोडून तो मला समजवायचा. "हे बघ, आपलं वजन जास्त, लाट मंद. रुंद फळी असली तरच उचलणार ना? पण रुंद फळी वळत नाही, हट्टी असते. म्हणून जिथे टाच दाबायची तिथेच ती बारीक केलीय. पुढे आधार, मागे मोकळीक... डोकं लावलंय रे!" बिस्किट तोवर चहात पडलेलं असायचं.

तडकलेली फळी पाण्यात टिकेना, म्हणून उल्हासनगर कॅम्प चारमध्ये गोपशेठच्या फायबरच्या कारखान्यात तशीच नवी करायला दिली. तिथे पाण्याच्या टाक्या आणि कूलरच्या बॉड्या बनायच्या. आम्ही घ्यायला गेलो, तर फळी आरशासारखी चकचकीत आणि पंख गायब! फिनिशिंगवाल्याने दोन्ही खाचांत पुट्टी भरून, घासून कडा सरळ केल्या होत्या. "अरे साईं, साइड से माल टूटा हुआ था," गोपशेठ खुशीत म्हणाले, "हमने बराबर करवा दिया." टाकीच्या धंद्यात कडेला खाच म्हणजे खराब माल, त्यांचं काही चुकलं नव्हतं. मीही म्हटलं, "घे रे, दिसतेय छान. काय फरक पडतो?"

सुधीर माझ्यावरच उखडला. "ही नुसती सरळ जाणार. सरळ तर मी रोजच जातो. घर ते कंपनी, कंपनी ते घर!" मग पुढचे कितीतरी रविवार तो गच्चीवर कानस घेऊन त्या कडा पुन्हा खोदत बसला.

काशीदच्या समुद्रावर आम्ही दर हिवाळ्यात जायचो, म्हणजे तो पाण्यात आणि मी वाळूत. उभं राहायला तो शिकला, पण वळायला जमेना. सरळ यायचा आणि वाळूत आपटायचा. मधे छातीत दुखलं, डॉक्टरांनी दम दिला, वहिनींनी फळी माळ्यावर टाकली. "एकदा वळू दे," तो म्हणाला, "मग सोडतो. आई शप्पथ." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा ना भाऊजी." मी काय सांगणार? मलाही ती वळलेली बघायची होती.

मागच्या हिवाळ्यात वळली. लाट साधीच होती. तो उभा राहिला, मागच्या पायाची टाच दाबली, आणि फळी पंखांवर टेकून अलगद डावीकडे फिरली. लाटेच्या अंगाने तो बराच पुढे गेला, पोट सुटलेला, केस कपाळाला चिकटलेले. मग पडला. मी वाटच बघत होतो तो आरडाओरडा करत येण्याची. तो आला, फळी बाजूला ठेवली आणि माझ्याशेजारी बसला... किती तरी वेळ नुसताच बसला. पाय हलत नव्हता, हात हलत नव्हते. ऊन उतरलं तेव्हा मीच म्हटलं, चल, वहिनी वाट बघत असतील.

तेराव्यानंतर वहिनींनी फळी मला दिली. "मला बघवत नाही, आणि भंगारात द्यायला हात होत नाही." आता ती आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे आणि मला घरात बसवत नाही. खात्यात सांगतो की सुध्या वळला होता, तर पोरं हसतात. तो आणि मी सोडून कुणी पाहिलंच नव्हतं ना. गेल्या रविवारी एकटाच काशीदला गेलो. मला पोहता जेमतेम येतं. तीनदा सरळ येऊन वाळूत आपटलो, बरगडी अजून ठणकतेय. बायको म्हणते, या वयात कुणाला दाखवायचंय? येत्या रविवारी खात्यातल्या त्या पोरांनाही सोबत नेतोय.