सान यिनच्या गादीवरचं नाव

आमच्याकडे देणाऱ्याचं नाव दिलेल्या वस्तूवर रंगवतात. विहारातल्या बाकावर, वाटेवरच्या पाणपोईच्या माठावर, शाळेच्या घड्याळावर, पंख्याच्या पात्यावरसुद्धा. आधी देणाऱ्याचं नाव, मग बायकोचं, मुलांची, शेवटी गाव. त्यात कुणाला बढाई वाटत नाही. येणारा जाणारा वाचतो, मनातल्या मनात ‘साधू’, म्हणजे छान केलं, असं म्हणतो आणि त्या पुण्यात त्याचाही वाटा पडतो. इरावती नदीच्या या कोरड्या काठावर अशी नावं ताडाच्या झाडांसारखी जागोजागी उभी आहेत, आणि म्यिंजान शहरापासून नदीच्या उतारापर्यंतची निम्मी तरी एकाच हातची आहेत. तो हात उ फो थ्विनचा; वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावाआधी आम्ही मानानं उ लावतो.

फो थ्विन लहान असतानाच आईबाप गेले. थोरली बहीण सान यिन बाजाराच्या तोंडाशी दुधी भोपळ्याची भजी तळायची आणि त्यावर दोघं जगायची. पोरगा दिवसभर भज्यांच्या कढईजवळच्या राखेत काडीनं अक्षरं काढत बसायचा. तेव्हा गावात बैलगाड्या रंगवणारा एक म्हातारा कारागीर होता. सान यिननं त्याला अख्खा उन्हाळा फुकट भजी खाऊ घातली आणि उन्हाळा सरल्यावर त्याच्याकडून खारीच्या केसांचा एक जुना कुंचला मागून घेतला. तेवढ्या भांडवलावर फो थ्विनचा जन्म गेला. आमची अक्षरं गोल असतात. गोल काढणं सोपं वाटतं, पण हात जरा कापला की वर्तुळाचं अंडं होतं. फो थ्विनच्या हातून अंडं कधी झालं नाही. दोघांनीही लग्न केलं नाही. तो म्हणायचा, अक्कानं केलं नाही म्हणून मी केलं नाही. ती म्हणायची, यानं केल्यावर करीन म्हणून थांबले होते, आता कोण विचारतंय.

मूलबाळ नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी गावाबाहेर चिंचेच्या झाडांत एक आश्रम आहे. तिथं दोघं एकाच दिवशी राहायला आली, ती बायकांच्या इमारतीत आणि तो अंगणापलीकडे पुरुषांच्या. मी त्या आश्रमाला बैलगाडीनं पाणी घालायचो. पुढचं सगळं माझ्यासमोरचं आहे.

आश्रम सगळा लोकांच्या देण्यावर उभा होता. कुणाचा वाढदिवस असो, कुणाचं लग्न, कुणाच्या आईची पुण्यतिथी, माणसं भाताची पातेली आणि माशाचं कालवण घेऊन यायची, स्वतःच्या हातानं वाढायची, मग म्हाताऱ्यांपुढं गुडघे टेकायची. नदीपलीकडच्या एका तांदूळवाल्यानं तापणाऱ्या पत्र्याखाली बांबूचं छत घालून दिलं आणि दुपारी माणसं सुखानं झोपू लागली. एका शिक्षिकेनं न्हाणीच्या वाटेवर धरायला लाकडी कठडा बसवला, तेव्हापासून आंधळा उ ठान एकटा न्हाणीपर्यंत जाऊ लागला. हे मी खोटं सांगत नाही. पण देणं जिथं नाव दिसेल तिथंच जास्त जायचं. बैठकीच्या खोलीत इतकी घड्याळं झाली होती की प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि म्हाताऱ्या आपापल्या आवडीच्या घड्याळावर जेवायला यायच्या. चादरीखाली जाणारी वस्तू, वापरून फेकायची वस्तू, अशा गोष्टींना देणारा मिळत नसे. त्यावर नाव लिहायचं कुठं आणि वाचायचं कुणी?

त्या वर्षी सान यिन कठड्याच्या पुढच्या ओल्या फरशीवर पडली आणि कमरेचं हाड मोडलं. सागवानी फळ्यांची खाट, तिच्यावर चटई, आणि चटईवर ती. सगळ्या बायकांची कूस बदलायला न्वे नावाची एकच सेविका होती. तिनं तरी किती जणींना वळवायचं? थोड्याच दिवसांत सान यिनच्या माकडहाडापाशी कातडी लाल झाली, मग फुटली. तपासायला येणारे डॉक्टर वाकून बघत म्हणाले की जखम अजून कातडीतच आहे, हाडाशी पोचली तर माझ्या हातात काही राहणार नाही. हवा भरलेली एक गादी मिळते, ती आपली आपण फुगते-बसते, तीच काय ती हिला वाचवेल.

तेव्हापासून सान यिनला पाठ टेकता येईना. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. फो थ्विन व्हरांड्यात बसून खिडकीतून तिच्या पाठीशी बोलायचा. केळीची मऊ पानं आणू का, कापसाची पिशवी आणू का, असं त्याचं चालू असायचं. ती म्हणायची, "माझी पाठच बघतोयस इतके दिवस. तिच्यावर काहीतरी लिहून टाक, म्हणजे कुणीतरी वाचेल."

त्याच सुमारास शेंगदाणा तेलाच्या गिरणीचे मालक उ चिट माउंग आश्रमाला एक मोठं घड्याळ देणार होते. काचेवर नाव लिहून घ्यायला ते फो थ्विनकडे आले. फो थ्विननं कुंचला खाली ठेवला आणि, ज्या माणसानं आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं त्यानं, घड्याळाऐवजी गादी मागितली.

चिट माउंग वाईट माणूस नव्हे. गिरणीतल्या हमालांना ते पहाटे स्वतः चहा ओतून द्यायचे. पण तेही आमच्यातलेच होते. त्यांनी विचारलं, गादीवर माझं नाव राहील कसं? फो थ्विन म्हणाला, "मालक, मी लिहितो. कुणाला पुसता येणार नाही असं लिहितो."

गादी मंडालेहून बसनं आली. निळ्या रबरी कापडाची, आडव्या नळ्यानळ्यांची, एका टोकाला हवेचं छोटं यंत्र जोडायची सोय असलेली. फो थ्विननं ती चिंचेखाली पसरली आणि दिवसभर तिच्यावर ओणवा राहिला. यंत्र उशाशी येत असणार, पंख्यासारखं, असं त्यानं मनाशी धरलं. म्हणून नळीच्या टोकाशी, डोक्याकडच्या मानाच्या जागी, त्यानं चिट माउंगचं अख्खं घराणं लिहिलं. पिवळ्या रंगात, तांबड्या सावलीत. तेवढी सुंदर अक्षरं मी त्याच्या हातची पुन्हा पाहिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी देण्याचा विधी होता. पाणी सोडल्याशिवाय आमच्यात दान पुरं होत नाही. घड्यातलं पाणी थेंबथेंब वाडग्यात पडतं, भिक्षू मंत्र म्हणतात, मग वस्तू देणाऱ्याची राहत नाही. न्वेनं पहाटेच गादी खाटेवर घातली, यंत्राचा आकडा पायथ्याच्या फळीला अडकवला, कारण तो तिथंच बसत होता, वर पांढरी चादर घातली आणि सान यिनला आडवं केलं. न्वे सांगते, अर्ध्या घटकेत म्हातारी घोरायला लागली. महिन्यांनी घोरली.

चिट माउंग बायकोमुलांसह आले, रेशमी लुंगी, डोक्याला फेटा. भिक्षू अजून यायचे होते. फोटो काढणाऱ्यानं नाव दिसायला हवं म्हणून उशाकडची चादर उचलली. खाली नुसता निळा रंग होता. मग चिट माउंगनी स्वतः पायथ्याची चादर उचलली.

त्यांचं नाव सान यिनच्या टाचांखाली होतं.

आमच्यात बाईची लुंगी वाळत असलेल्या दोरीखालून पुरुष जात नाही, लांबून वळसा घालतो. त्यानं त्याचं तेज उतरतं असं मानतात. इथं तर घराण्याचं नाव, वडलांच्या नावानं चाललेल्या गिरणीसकट, एका बाईच्या पायाखाली. त्यांच्या बायकोनं तोंडावर शालीचं टोक धरलं. न्वे पांढरी पडली. फो थ्विन त्या अक्षरांकडे बघत राहिला.

चिट माउंग रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, आज राहू दे, ही गुंडाळून ठेवा, मी दुसरी मागवतो, नीट नाव घालून. पावसाळ्यानंतर बघू. पावसाळा अजून सुरूही झाला नव्हता, आणि त्या जखमेला तेवढी सवड नव्हती. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. न्वेनं गादी गुंडाळायला सान यिनच्या खांद्याखाली हात घातला. तेवढ्यानं सान यिन जागी झाली.

तिनं मान वळवून सगळ्यांची तोंडं बघितली, आणि कुणी काही न सांगता तिला कळलं.

"फो," ती म्हणाली, "तुझी रंगाची बाटली कुठाय? ती वासाची?"

"आहे, अक्का."

"आण. आणि पूस."

फो थ्विन तिथंच उभा राहिला. पन्नास वर्षांत त्यानं स्वतःचं अक्षर पुसलं नव्हतं, आणि ही अक्षरं तर कुणाला पुसता येणार नाहीत असा त्याचा शब्द होता. मग तो गेला, टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी घेऊन आला आणि बहिणीच्या पायांशी गुडघ्यावर बसला. रंग अजून पुरता वाळला नव्हता. पिवळं तांबड्यात मिसळलं, मग दोन्ही चिंधीत गेलं. त्यानं शेवटपर्यंत पुसलं, घाई केली नाही. कोपऱ्यातलं शेवटचं वर्तुळ त्यानं जरा उशिरा पुसलं, एवढंच.

मग सान यिननं चिट माउंगना जवळ बोलावलं. ते आले आणि सवयीनं तिच्यापुढं खाली बसले.

"मालक, भिंतीवरचं कुणी वाचतं, कुणी वाचत नाही. ही न्वे मला दर सकाळी वळवते तेव्हा माझ्या तोंडातून काहीतरी निघतंच. आजवर शिव्या निघायच्या. आता तुमचं नाव घेईन. मोठ्यानं. या बाया साधू म्हणतील. चालेल?"

चिट माउंगनी डोक्यावरचा फेटा सारखा केला. मग त्यांनी विचारलं, नुसतं माझंच का? पाटीवर असतात तशी सगळ्यांची नावं घेणार का, बायकोचं, तिन्ही मुलांची, वडलांचं, गिरणीचं?

"एवढी?" सान यिन म्हणाली. "मग गाद्या दोन आणा. माझा घसा आहे तो."

आधी न्वे हसली. मग चिट माउंगच्या बायकोनं शालीआड हसू दाबलं, आणि मग ते स्वतः हसले, खांदे हलेपर्यंत. भिक्षू आले तेव्हा सगळे हसतच होते, आणि थोरल्या भिक्षूंनी कारण विचारलं नाही. चिट माउंगनी घडा उचलला. पाणी थेंबथेंब वाडग्यात पडलं. गादी आता कुणाला परत मागता येणार नव्हती. फो थ्विन व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसला आणि त्यानं इतका लांब श्वास सोडला की माझ्या बैलानं कान हलवले.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याची गाडी लावली तेव्हा बायकांच्या इमारतीतून सान यिनचा बाजारातला जुना आवाज ऐकू आला, ज्या आवाजात ती कधीकाळी गरम भजी म्हणून ओरडायची. तिनं चिट माउंगच्या सगळ्या घराण्याची नावं घेतली, धाकट्या मुलापर्यंत. त्यामागून साऱ्या म्हाताऱ्यांचं साधू, साधू, साधू. कुंपणापलीकडे रस्त्यावर एक सायकल थांबली होती. गिरणीचे मालक एक पाय जमिनीवर टेकून ऐकत उभे होते. मला बघून ते टायर दाबून बघितल्यासारखं करू लागले.

ही गोष्ट बाजारात पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या पौर्णिमेआधी दुसरी गादी आली. मग सोनाराच्या बायकोनं वापरून टाकायच्या लंगोटांचे गठ्ठे पाठवले, ज्यांच्यावर नाव लिहिण्याचा प्रश्नच नव्हता, आणि निरोप दिला की माझं नाव सकाळी घ्या, पण काय दिलं ते सांगू नका. कुणी मऊ भातासाठी जुना तांदूळ दिला, कुणी न्वेच्या मदतीला आणखी एक सेविका ठेवली आणि तिच्या पगाराची जबाबदारी घेतली. सान यिनची सकाळची यादी लांबत गेली. ती कुरकुरायची की मला देवळातली घंटा करून ठेवलंय, आणि एखादं नाव चुकलं तर दिवसभर हळहळायची. फो थ्विनचं काम कमी झालं. त्याला मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का? तो म्हणाला की रंगवलेलं नाव उन्हानं उडतं हे त्याला नेहमीच ठाऊक होतं, ओरडलेल्या नावाचं काय होतं ते मात्र अजून बघायचंय.

जखम आधी ओली राहायची थांबली. मग कडा आत सरकल्या. डॉक्टरांनी वाकून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि नुसते न्वेच्या पाठीवर थाप मारून गेले. पावसाळा संपताना तिथं गुलाबी नवी कातडी होती, लहान मुलाच्या गालासारखी.

त्या दिवशी दुपारी न्वेनं सान यिनला पाठीवर निजवलं. फो थ्विन खिडकीशी होता. वीज गेलेली, पंखा थांबलेला. सान यिन कितीतरी महिन्यांनी छताकडे बघत होती, सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, घरी परत आल्यासारखी. मग तिची नजर पंख्याच्या पात्यावर थांबली. फिरत असताना कुणालाच न दिसणारं नाव तिथं होतं, भावानं कधीतरी तरुणपणी लिहिलेलं.

"फो," ती म्हणाली, "ते शेवटचं वर्तुळ बघ. अंडं झालंय."

फो थ्विन खिडकीतून आत वाकला, मान वाकडी करून वर बघत राहिला. मग तो मोठ्यानं हसला आणि शिडी आणायला निघाला. सान यिननं त्याला थांबवलं. राहू दे, ती म्हणाली, आता मला रोज दिसणार आहे.