बाज जाईल एवढं दार

आकाशात विमानाचा आवाज आला की आमच्या वलगावची पोरं हात हलवत घराबाहेर धावायची, म्हातारी माणसं हात जोडायची, आणि माझा मामा शिव्या घालायचा. वांग्याच्या वाफ्यात उभा राहून, खुरपं वर धरून, मान मागं टाकून ओरडायचा, "दार रुंद कर बे! पोट एवढं मोठं, अन् दार कोंबड्याच्या खुराड्याचं!" विमान आपल्या वाटेनं अचलपूरकडे निघून जायचं, मामा मात्र धुमसत राहायचा. मग त्याच्याशी बोलायची कोणाची छाती नव्हती. वांगीसुद्धा तो असा ओरबाडायचा, की वांग्यानंच त्याचं काही वाईट केलं असावं.

गाव हसायचं. हसू दे. मी मात्र हसणाऱ्यांना अजून माफ केलेलं नाही, कारण रागाचं कारण गावाला ठाऊक होतं. ते सांगते, म्हणजे तुम्ही तरी हसणार नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मामा अकोल्याजवळच्या विमानतळावर हमालीला होता. पलटणीच्या सामानाची विमानं उतरत, हा पोती चढवे-उतरवे. मामी तिथंच झोपडीत, दिवस भरलेली. भर पावसाळ्यात तिला कळा लागल्या आणि मूल आडवं आलं. अकोल्याचा रस्ता पुराखाली गेला होता, बैलगाडी चिखलात आखापर्यंत रुतलेली. आणि समोर नागपूरला निघालेलं रिकामं विमान उभं! मामानं आणि तिघा हमालांनी मामीला बाजेसकट उचललं आणि विमानापाशी नेलं. गोरा पायलट लहानसा पोरगाच होता. मामीकडे पाहून त्यानं मुकाट्यानं दार उघडलं. पण तिथला बाबू, आपलाच, आपलीच भाषा बोलणारा, छत्री घेऊन पुढं आला. दारावर छत्री आडवी धरून म्हणाला, "बाज दारातून जात नाही."

मामा म्हणाला, "हातावर घेतो तिले."

बाबू म्हणाला, "तसा हुकूम नाही. हे सामानाचं विमान आहे, माणसांचं नाही."

विमान रिकामंच उडालं. दुपारपर्यंत मामी गेली, मूलही गेलं.

हुकूम बदलणं मामाच्या हातात नव्हतं. दार बदलता येत होतं. म्हणून वलगावला परत आल्यावर तो लाकडाची विमानं करायला बसला. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, एक चाकू, एक पटाशी, पंख्यांसाठी रॉकेलच्या डब्याचा पत्रा. त्याची रीत उलटी होती. आधी करंगळीएवढी बाज करायची, सुतळीच्या धाग्यानं विणायची, आणि मग तिच्या मापानं दार, दाराच्या मापानं बाकीचं विमान. कोणी म्हटलं, "मामा, खरं विमान असं नसते," की तो उसळायचा. "खरं कसं असते ते मी पाह्यलं. सरकारनं बनवलं तसं कोणीबी बनवीन. मी बनवतो ते सरकारले सुचाले पायजे होतं!"

आणि काय काय सुचायचं त्याला! एका विमानाचे पंख त्यानं पार छपराला नेले, म्हणजे पोट जमिनीला टेकेल आणि बाज उचलावीच लागणार नाही. एकाचं शेपूट वर मुडपून मागून फाटकासारखं उघडलं. बैलगाडी उलटी लावा, बाज सरळ आत. एकाला काळ्या मातीत रुतू नये म्हणून गाडीपेक्षा रुंद चाकं, एकाला पुरात उतरायला खाली दोन डोंगे. प्रत्येक विमान झालं की मला हाक मारायचा, "इकडे ये वं माय, बाज घालून पाह्य." मी बाज आत सरकवायची. ती जरा जरी घासली, तरी अख्खं विमान चुलीत जायचं. मी रडायची. तो म्हणायचा, "रडतं काहून? बाई आत गेली नाइ, तं विमान कशाले ठेवू?"

मी तेव्हा आठनऊ वर्षांची असेन. माझी आई, म्हणजे मामाची बहीण, मामी गेल्यावर त्याचा संसार बघायला वलगावलाच राहिली होती. त्या वर्षी तान्हा पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून तोरणाखाली आणतात, चांगल्या बैलाला बक्षीस मिळतं. मामानं फाटकाच्या शेपटीचं विमान काढलं, त्याला शिंगं बसवली, झूल घातली, बेगड लावली आणि दोरी माझ्या हातात दिली. लोक म्हणाले, "पोरगी काहून? अन् हा बैल होय का?"

"वझं वाहाते तो बैल," मामा म्हणाला. "अन् माह्या घरी हेच लेकरू हाये."

बक्षीस द्यायला अमरावतीहून एक मोठे पाहुणे आले होते. हार घालून बसलेले, छत्री खुर्चीला टेकवलेली. मामानं माझा खांदा एवढा जोरात दाबला की मी कळवळले. तोच बाबू होता.

मामा ओळीतून बाहेर पडला आणि विमान त्याच्यापुढं ठेवलं. शेपटीचं फाटक उघडून करंगळीएवढी बाज आत सरकवली, बाहेर काढली, पुन्हा सरकवली. "साहेब, पाहा. आता बाज जाते."

पाहुण्यांनी हसून विचारलं, "कोणती बाज?"

शेजारच्या कोणीतरी कानात काही सांगितलं, तशी पाहुण्यांनी मान हलवली. "कारागिरी चांगली आहे हो. पण आजचा सण बैलांचा. विमानाला ओळीत जागा नाही, नियम म्हणजे नियम." आणि तान्ह्या पोळ्याला लेकरांना बोजारा देतात, तसा त्यांनी माझ्या हातावर एक आणा ठेवला.

मी तो आणा त्यांच्या हारावर फेकला. आईनं तिथंच माझ्या पाठीत धपाटा घातला. घराकडे येताना मामा एवढंच म्हणाला, "मले वाटे, त्या दिसापासून त्यालेबी झोप येत नसन."

त्यानंतर मामानं पटाशी हाती धरली नाही. लोक म्हणाले, बरं झालं, निवळला एकदाचा. निवळला! माणूस आतून विझला, तर ह्यांना वाटतं निवळला. आज मामा नाही, तो बाबूही नसेल. राग सोडा म्हणून मला माझ्या सुनाही सांगतात. मी सोडत नाही. तो माझ्याकडे मामानं दिलेला आहे.

कसा दिला तेही सांगते. पोळ्यानंतर थोड्याच दिवसांनी वाफ्यावरून विमान गेलं. पोरं धावली, म्हाताऱ्यांनी हात जोडले. मामा मात्र खाली मान घालून खुरपत राहिला, वर बघेचना. मला ते सहन होईना. मी वांग्यांत उभी राहिले, मान मागं टाकली आणि ओरडले, "दार रुंद कर बे!"

मामाचं खुरपं थांबलं. त्यानं मान वर केली. मग म्हणाला, "जोरानं बोंबल वं माय. तेवढ्यानं वरतं ऐकू जात नाइ."