अधांतरी कपाट

आई नाशिकहून इथे परदेशात माझ्याकडे आली होती आणि वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटी बसायला तयार नव्हती. त्यामुळे ऑफिसनं मला बांधकामाच्या यंत्रांचं प्रदर्शन बघायला पाठवलं, तेव्हा मी तिलाही सोबत नेलं. दारातल्या नोंदणीवाल्या बाईला काय वाटलं कोण जाणे, तिनं आईच्या गळ्यात 'खरेदीदार' असं कार्ड अडकवलं. माझ्या कार्डावर नुसतंच 'पाहुणा'.

त्यानंतर माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

आई भाजी बघावी तशी यंत्रं बघत निघाली. रोलर तिला अंगानं फार दांडगा वाटला. खोदकामाचं यंत्र आवडलं, "पण ठेवायचं कुठे?" शेवटी कोळ्यासारखे चार पाय पसरून उभ्या असलेल्या एका छोट्या क्रेनपाशी ती थांबली.

"हिला कपाट उचलता येईल का, विचार."

नाशिकच्या घरचा जिना नव्यानं, अरुंद बांधला तेव्हापासून तिचं लोखंडी कपाट वरच्या मजल्यावर अडकलं आहे. मी ओशाळत विचारलं. टाय लावलेल्या, पन्नाशीच्या विक्रेत्यानं आधी माझं कार्ड वाचलं. मग आईच्या कार्डाकडे बघून म्हणाला, "कॅन, आंटी, कॅन!" म्हणजे, येईल की.

आणि खरंच करून दाखवायला लागला. स्टॉलच्या मागचं पत्र्याचं कपाट त्यानं पट्ट्यांनी आवळलं, गळ्यात रिमोट अडकवला आणि कपाट अलगद सगळ्यांच्या डोक्यांवर गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात आईनं.

टाळ्या ऐकून पिवळं जाकीट घातलेला सुरक्षा अधिकारी आला.

"वजन उचलायची परवानगी आहे?"

"क्रेन उभी करायची परवानगी आहे," विक्रेता म्हणाला.

"मग कशालाही हात लावू नका."

"निदान खाली तरी घेऊ द्या."

"खाली घ्यायलाही परवानगी लागते, लाह," तो इथल्या लकबीत म्हणाला.

कपाट तसंच लटकत राहिलं. खाली पट्टी बांधून जागा बंद करण्यात आली आणि अधिकारी फोन करायला गेला. विक्रेता मान वर करून बघत म्हणाला, "माझं जेवण त्यात आहे." त्याच्या दोन सहकारी बायकांचंही होतं. येणारेजाणारे फोटो काढत होते. एका गृहस्थानं मला गंभीरपणे विचारलं, कपाट भिंतीशिवाय बसवायची ही नवी पद्धत का?

"आपल्यामुळे झालंय हे," म्हणत आईनं पिशवीतून डबा काढला. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं. स्टॉलवरची तिघं त्यावरच जेवली. अधिकारी परतला तेव्हा त्याच्याही हातात तिनं पुरी ठेवली. तो उभ्यानंच खायला लागला.

"अहो, बसून खा," आई मराठीत म्हणाली. तो बसला.

परवानगी मिळाली होती, पण आत काय काय आहे ते कळवायचं होतं.

"जॅकेटं, लॅपटॉप," विक्रेता आठवून सांगू लागला, "आणि चिकन राइस."

"किती?"

"तीन."

अधिकाऱ्यानं तेही फोनमध्ये टाइप केलं. कपाट हळूहळू खाली आलं. आतला भात गार झाला होता, पण भूक कुणालाच उरली नव्हती. निघताना अधिकाऱ्यानं मला बाजूला घेऊन लोणचं कशाचं होतं ते विचारलं.

"लिंबाचं," मी सांगितलं.

"मुरायला वेळ लागतो, तेही सांग त्याला," आई म्हणाली. "नाहीतर घाई करेल."