जावयाच्या गाडीचा रंग

पेंटरच्या गॅरेजात एकच कायदा चाले: आधी बसवायचं, मग रंगवायचं. फायबरचा माल साच्यातून निघतो तो गाडीला कधी सरळ बसत नाही. कोरडाच लावून बघावा, घासतो तिथे खूण करावी, कापावा, फटीत लांबी म्हणजे पुट्टी भरावी, पुन्हा लावून बघावा. रंगाची पाळी सगळ्यात शेवटी. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो सरळ बाहेरचा रस्ता दाखवी. त्याच्या तिरसटपणाचे किस्से गल्लीभर होते. तरी माणसं त्याच्याकडेच यायची, कारण जुना रंग कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला, हे खुद्द मालकालाही सापडत नसे.

पण जावयाला बाहेरचा रस्ता कोण दाखवणार? जावई म्हणजे दहावा ग्रह, आणि हा तर कायमचा वक्री.

त्याने गाडीसाठी अख्खा बॉडी किट मागवला होता. पुढचा-मागचा बंपर, दारांखालच्या पट्ट्या, वर डिकीवर पंख. रंगवून बसवायचा खर्च ऐकला आणि त्याचं तोंड कडू झालं. खरं तर पेंटरने स्वतःची मजुरी धरलीच नव्हती.

"मामा, तुम्ही फक्त रंग द्या," जावई म्हणाला. "बसवायचं काम माझा मित्र फुकटात करतो."

"अहो जावईबापू, आधी बसवून बघितल्याशिवाय..."

"एवढी वर्षं काम करताय, आणि घरच्या माणसाचं एवढंसं होत नाही?"

या किटवरून लेकीच्या घरात आधीच भांडी आपटून झाली होती, हे तिने आईला फोनवर सांगितलं होतं. बाहेर काही बिनसलं की हा माणूस राग घरी आणून तिच्यावर काढी. त्यामुळे पेंटरने आयुष्यात पहिल्यांदा आपला कायदा मोडला, आणि मोडताना कामात जीव मात्र पुरा ओतला.

पुढच्याच आठवड्यात गाडी परत दारात. बरोबर लेकही होती. बंपर बसेना म्हणून मित्राने गुडघा देऊन दाबला होता आणि वरून स्क्रू पिळले होते. कोपऱ्यांवर रंगाला तडे गेले होते, दिव्याखाली बोट जाईल एवढी फट होती. पेंटरला ते एका नजरेत कळलं.

"कच्चं काम केलंत, मामा," जावई सगळ्यांदेखत म्हणाला. बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाने मान वर केली.

पेंटरच्या ओठांवर चांगलं खरमरीत उत्तर आलं होतं. तेवढ्यात त्याने लेकीकडे पाहिलं. ती गाडीकडे बघतच नव्हती. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, पारा कुठवर चढलाय याचा अंदाज घेत.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "हात थरथरतो हल्ली. लांबी जाड बसली असणार. गाडी ठेवून जा, मी सगळं नव्याने करून देतो. बसवूनसुद्धा. पैशाचं मनात आणू नका."

जावई लगेच निवळला. "चालायचंच, वय झालं की होतं," असं मोठ्या मनाने म्हणालाही. बाकावरचं गिऱ्हाईक उठलं, "नंतर येतो" म्हणालं आणि आपली गाडी घेऊन निघून गेलं.

नवरा रिक्षा बघायला गेला तशी लेक जवळ आली. तिने बापाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, हाताचं मला आधी का नाही सांगितलंत? झेपत नसेल तर बंद करा ना हे आता. उगाच लोकांच्या गाड्या खराब होतात."

खरं सांगावं, असं त्याला फार वाटलं. पण तिला सांगितलेलं तिच्याबरोबर त्या घरात गेलं असतं.

"बघू," तो म्हणाला, आणि आपला हात जराही थरथरत नाही हे तिच्या लक्षात यायच्या आत त्याने तो सोडवून घेतला.