लॅपटॉपचा पंखा आणि उरलेली चार प्रकरणं

मी लॅपटॉपसाठी गादी शिवून घेतली. रीतसर मापं देऊन. लांबी-रुंदी लॅपटॉपएवढी, जाडी दोन बोटं, आत नवा कापूस आणि वर निळ्या पट्ट्यांचं कापड. अकोल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाद्या-रजया भरणारे एक भाई आहेत, त्यांच्याकडे. भाईंनी विचारलं, "पाळण्यासाठी का, वकीलसाब?" आमच्या घरात पाळण्यात झोपण्याच्या वयाचं कुणी उरलेलं नाही, म्हणून मी खरं ते सांगितलं. भाईंनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग टेप गळ्यात अडकवून कामाला लागले. गिऱ्हाइकाला अक्कल शिकवू नये, असा त्यांच्या धंद्याचा नियम असावा. आमच्याही धंद्याचा तोच आहे.

माझं म्हणणं सरळ होतं. लॅपटॉपचा पंखा फार आवाज करतो आणि गादी आवाज पिते. शिवाय वऱ्हाडातल्या माणसाला कापसावाचून उपाय सुचत नाही. कान दुखला, कापूस. दाढ दुखली, कापूस. देवापुढे कापूस, अत्तराला कापूस. लॅपटॉप पोटाकडून हवा आत ओढतो आणि मी त्याचं पोटच गादीत रुतवलं, हे नंतर कळलं. पंधरा मिनिटांत तो असा काही भणाणला की शेजारच्या वहिनींनी खिडकीतून विचारलं, "मिक्सर बिघडला का हो?"

आता हा आवाज एवढा का नडत होता ते सांगतो.

माझी बायको शाळेत मराठी शिकवते. घरात ती माझ्याशी पक्क्या वऱ्हाडीत बोलते, पण पुस्तक हातात आलं की तिचा आवाज इस्त्री केल्यासारखा होतो. अमरावतीला राजापेठेत खोली घेऊन राहणारी एक मुलगी आहे, धारणीच्याही पलीकडच्या, जंगलातल्या गावातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिला दिसत नाही. इतिहासाचं एक जुनं पुस्तक तिला हवं होतं. ते आता छापत नाहीत. मिळाले ते कुणीतरी काढून ठेवलेले पानांचे फोटो, आणि फोनमधली वाचून दाखवणारी बाई त्या फोटोंपुढे हात टेकायची. त्या मुलीला शिकवणाऱ्या मॅडम माझ्या बायकोच्या मैत्रीण. त्यांनी विचारलं, वाचून रेकॉर्ड करून देशील का? बायकोनं हो म्हटलं. पानं इतकी पिवळी की प्रिंट काढली तर नुसता काळा कागद हातात येई. ती लॅपटॉपवर मोठी करूनच वाचावी लागत. म्हणजे समोर लॅपटॉप, शेजारी माईक आणि दोघांच्या मध्ये तो पंखा.

पुस्तकाची बारा प्रकरणं. आठ वाचून पाठवली तेव्हा त्या मुलीचा फोन आला.

"मॅडम, लय छान वाचता तुमी. एक विचारू? तुमच्या घरी पिठाची चक्की हाय का?"

बायको हसली. मुलगीही हसली, आणि मग अडखळत म्हणाली की तासभर ऐकलं की डोकं धरतं, मध्येच बंद करावं लागतं. फोन ठेवल्यावर बायकोचं हसू गेलं. "थे पोरगी कानानं वाचते," ती म्हणाली. "अन् मी तिले खडे असलेला भात वाढून राहिले."

उन्हाळी परीक्षा दोन आठवड्यांवर होती. लेखनिक मिळतो, पण तो फक्त लिहितो, त्याला उत्तर तोंडानं सांगावं लागतं. आणि ज्या चार प्रकरणांवर हमखास प्रश्न येतात, नेमकी तीच चार उरली होती.

मी सल्ला दिला, पहाटे वाच. पहाटे भक्तिगीतं असतात, नळ येतो, दूधवाला येतो आणि कचऱ्याची गाडी आपलं गाणं लावून येते. आमची गल्ली खरी शांत होते ती एप्रिलच्या दुपारी एक ते चार, जेव्हा कुत्रीसुद्धा नालीच्या सावलीत पडून भुंकायचं पुढे ढकलतात. पण तेव्हा ऊन असं की भिंतीला हात लावला तर चटका बसतो. आणि वाचताना कूलर बंद ठेवावा लागतो, कारण आमचा कूलर लावला की अंगणात हेलिकॉप्टर उतरल्यासारखं वाटतं. कूलर बंद केला की खोली तापते, खोली तापली की लॅपटॉप तापतो, लॅपटॉप तापला की चक्की सुरू. शांतता आणि गारवा अकोल्यात एका वेळी मिळत नाहीत.

गादी फसल्यावर मी शोध घेतला. पंख्याचा वेग आपल्या हातात घेता येतो, असा एक छोटा प्रोग्रॅम आमच्या मॉडेलसाठी सापडला. पडद्यावर एक आडवी पट्टी, पट्टीवर एक ठिपका. ठिपका उजवीकडे नेला की पंखा जोरात, डावीकडे नेला की हळू. मी तो पार डावीकडे नेऊन टेकवला. आवाज गेला. मी खुर्चीत असा रेललो, जणू हायकोर्टातून स्टे आणला.

बायकोनं कूलर बंद केला आणि वाचायला बसली. प्रकरण होतं जंगलाच्या कायद्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात राहिलो तिथलीच काटकी उचलली तर गुन्हा, असं ज्या काळात झालं त्याबद्दल. ऐकणारी पोरगी त्याच रानातली. बायकोचा आवाज त्या दिवशी वेगळाच लागला. मी दारात उभा राहून ऐकत होतो, पाय दुखत होते तरी बसलो नाही. पंचवीस मिनिटं एकही अडखळ नाही. शेवटच्या पानावर पडदा काळा झाला.

"काय झालं?"

"तापला. आपोआप बंद पडला."

"अन् रेकॉर्डिंग? सेव झालं?"

मध्ये एकदाही सेव केलं नव्हतं, पंचवीसच्या पंचवीस मिनिटं गेली. लॅपटॉपच्या पोटाला हात लावला तर भाकरी भाजून निघाली असती. बायको रागावली नाही. उठली, कूलर लावला, माठातलं पाणी प्याली आणि माझ्याकडे पाठ करून कूलरसमोर बसली. रागावलेली बायको मला सांभाळता येते. तशीच पाठमोरी ती म्हणाली, "असं वाचणं पुन्हा होत नाही." एवढंच.

संध्याकाळी मी गादी काखेत मारून भाईंकडे गेलो. परत करायला नव्हे, ती घरात बायकोला दिसू नये म्हणून. भाईंनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं, पंचवीस मिनिटांसकट. ते आधी पोटभर हसले. मग आपल्या कापूस पिंजायच्या मशीनवर हात ठेवून म्हणाले, "हे पण गरम होते, वकीलसाब. हे पण बोंबलते. मी काय त्याचं तोंड बंद करतो? काहून बोंबलून राहिलं थे पाहतो. जाळीत रुई बसली का मशीनचा दम घुटते. दर जुम्म्याच्या आदी खोलून साफ करतो मी. तुमी तुमचं कधी खोललं?"

"कधीच नाही."

"किती साल झाले?"

"सहा."

"या अल्ला! अन् घर कुठं तुमचं? माझ्या दुकानाच्या मागं. दिवसभर माझी रुई उडते, थे जाते कुठं?"

हा प्रश्न उलटतपासणीत विचारावा असा होता. भाईंनी मऊ केसांचा एक ब्रश दिला आणि जाताना बजावलं, "पातं बोटानं धरून ठेवा, मंग झटका. मोकळं ठेवून जोरात फुकलं तं भलतंच फिरते अन् बिघडते."

दुसऱ्या दिवशी कोर्टाला सुट्टी होती. जेवणाच्या टेबलावर जुनं धोतर अंथरलं, लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू काढून ताटलीत मांडले, निघाले त्या क्रमानं, देवपूजेच्या सुपाऱ्यांसारखे. आत पंखा दिसला. पंखा आणि धातूच्या बारीक जाळीच्या मध्ये राखाडी कापसाची घट्ट वळलेली पट्टी बसली होती. चिमट्यानं ओढली तर सबंध निघाली. बायको दारातून पाहत होती. आदल्या दिवसापासून ती पहिल्यांदा आपणहून बोलली, "अहो, ही तं बाहुलीची रजई झाली असती."

मला मात्र त्या पंख्याची शरम वाटली. सहा वर्षं तो बिचारा खरं तेच ओरडून सांगत होता, आणि मी साक्षीदाराचंच तोंड बांधलं.

बंद करताना एक स्क्रू उरला. तो अजून माझ्या पाकिटात आहे. लॅपटॉपनं त्याची कधी चौकशी केलेली नाही.

मग तो प्रोग्रॅम पुन्हा उघडला, या वेळी वाचून. पट्टीशिवाय त्यात एक आलेखही होता. किती तापल्यावर पंख्यानं किती पळायचं, ते आपण रेघ ओढून ठरवायचं. मी रेघ सावकाश चढती ठेवली, मध्ये कुठं एकदम उडी नको. पंखा पूर्ण गप्प कधीच नाही, पण उगाच किंचाळणंही नाही. पानं दाखवायला बैलजोडीची ताकद लागत नाही, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन मशीनचा जोरही कमी केला. लॅपटॉप ठेवला कायद्याच्या दोन जाड पुस्तकांवर, मध्ये फट सोडून. त्या पुस्तकांनी कुणाला आधार दिल्याची ती पहिलीच वेळ.

एवढं करूनही भर दुपारी दहा-बारा मिनिटांनी तापमानाचा आकडा चढायचाच आणि पंखा गुणगुणायला लागायचा. म्हणून आम्ही पद्धत बसवली. मी शेजारी स्टुलावर, मानेवर ओला पंचा, नजर आकड्यावर. आकडा ठरलेल्या जागी आला की मी एक बोट वर करायचं. बायकोनं परिच्छेद संपवून थांबायचं. वाक्य तोडायचं नाही, हा तिचा नियम. थांबली की मी आधी सेव करायचं, मग पंखा पूर्ण वेगात, कूलर चालू, दोघांना पाणी. पाच मिनिटांनी सगळं पुन्हा गप्प. तिसऱ्या दिवसापासून बोट दाखवायची गरज उरली नाही. माझ्या तोंडाकडे पाहूनच तिला कळायचं म्हणे.

सहा दुपारी लागल्या. जंगलाच्या कायद्यांचं प्रकरण तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. वाचून झाल्यावर पदरानं कपाळ पुसत तिनं विचारलं, "पहिल्यासारखं झालं का?"

खोटं बोलणं जिवावर आलं. मी म्हटलं, "नाही. पहिल्या वेळी तू चिडून वाचलं होतंस. आज समजावून सांगून राहिलीस."

"परीक्षेले हेच बरं," ती म्हणाली.

रेकॉर्डिंग फोनवरून पाठवता आलं असतं. पण मुलगी कशी ऐकते ते बायकोला समोर बसून पाहायचं होतं, म्हणून आम्ही एसटीनं अमरावतीला गेलो. राजापेठेतली तिची खोली एका ट्यूशन क्लासच्या वर. खाली गाड्यांचे हॉर्न, जिन्यात चपलांचा ढीग. मुलीनं आमच्यासाठी चहा सांगितला, कानात इअरफोन घातले आणि मान एका बाजूला कलती केली. आम्ही दोघं तिच्या खाटेवर निकालाला बसल्यासारखे बसलो. बाहेर एवढा गोंगाट, पण तिच्या चेहऱ्यावर त्यातलं काही नव्हतं.

"चक्की गेली," ती म्हणाली.

मी बायकोकडे पाहिलं. ती मुलीकडेच पाहत होती.

"पण मॅडम, वाचताना तुमच्या बाजूले कोणी बसते का?"

"काहून?"

"मधात मधात कोणीतरी श्वास रोखून धरते. मंग तुमचा परिच्छेद संपते, अन् थो माणूस श्वास सोडते."

आकडा चढत असताना आपण श्वास धरतो, हे मला स्वतःला माहीत नव्हतं. पंख्याचा आवाज होता तोवर सगळं त्याच्याखाली झाकलं जात होतं. मी घाईघाईनं म्हटलं, "बाळा, ते काढून टाकतो मी. त्याचाही प्रोग्रॅम असतो."

"नका काढू, काका. त्याच्यावरून मले समजते का आता परिच्छेद संपून राहिला. तिथं मी थांबवतो अन् मनात आठवून पाहतो."

पेपर झाल्यावर तिचा फोन आला. जंगलाच्या कायद्यांवर मोठा प्रश्न होता. किती लिहिलं, असं बायकोनं विचारलं तर म्हणाली, "लेखनिक ताई म्हणे, आता थांब वं बापा, माझा हात दुखून राहिला."

हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये सगळ्यांना ऐकवलं. त्यानंतरही महिनाभर, ज्यांनी ऐकलेलं होतं त्यांनासुद्धा. आयुष्यात मी काही दावे जिंकले आहेत, पण कुणाचा हात दुखेपर्यंत उत्तर लिहवून घेण्यात आपला वाटा असावा, ही गोष्ट वेगळी.

त्या संध्याकाळी मी घरीही छाती काढून फिरत होतो. म्हटलं, "बघ, पंख्याची रेघ बरोबर ओढली होती की नाही?"

बायको वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "तिच्या ओळखीच्या अजून दोघी हायेत. त्यांनाले पण पुस्तकं पाहिजेत. मी हो म्हणून टाकलं."

"मला विचारलं पण नाहीस?"

"तुमाले काय विचारायचं त्यात? मी वाचाले बसली का तुमी तं बाजूले बसताच."