आमच्या घराची सुपारी

हे गेले त्याला चार महिने झाले होते, तेव्हा वाडीची बैठक लागली.

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की आमच्या वाडीत आधी आपसांत एक नाव ठरवतात. दोघे उभे राहून भावकीत वैर नको, एवढाच हेतू. शिमग्यात पालखी बसते त्या सहाणेवर सगळे जमतात, जितकी नावं तितकी ताटं मांडतात, आणि प्रत्येक घर आपल्या पसंतीच्या ताटात एक सुपारी टाकतं. घर केवढंही असो, सुपारी एकच. आमची आजवर ह्यांनीच टाकली होती. या वेळी निरोप माझ्या नावाने आला.

दोन ताटं असणार होती. एक भाऊजींचं. ते भावकीतले, ह्यांच्याच वयाचे, वीस वर्षं पंचायतीचे सदस्य. दुसरं एका मुलीचं. दापोलीला शेतीचं शिकून ती गावात परतली होती. शाळेत मी तिला मराठी शिकवलं होतं आणि वक्तृत्वस्पर्धेसाठी तिची तयारीही करून घेतली होती. ती बोलायला लागली की बसलेली माणसं सरळ होऊन बसत. तिच्या बोलण्याचा थोडा अभिमान माझ्याकडेही येत होता, हे कबूल करायला हवं.

ह्यांचं मत मला पाठ होतं. हे तीस वर्षं लोट्याला केमिकल कंपनीत होते. तिथेच खोली घेऊन राहायचे, शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. आमचे वाद आठवडाभर राखून ठेवलेले असत आणि रविवारी चहाबरोबर बाहेर निघत.

"उत्साहाने व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस मी पाहिलाय," हे म्हणायचे. "तो स्वतः पळतो आणि बाकीच्यांना पण पळायला लावतो. कुठला व्हॉल्व्ह फिरवायचा नाही, हे ज्याला कळतं तो माणूस घ्यावा."

"तुमच्या अनुभवी माणसाला पाणी का येत नाही याची सगळी कारणं तोंडपाठ आहेत," मी म्हणायचे. "पाणी मात्र दिवसाआडच येतं."

"झाला बाईंचा तास सुरू," असं म्हणून हे पेपर तोंडासमोर धरायचे. पण पान उलटत नसत.

ह्यांना वादात जिंकून देणारा एक प्रसंगही होता. दोन वर्षांपूर्वी, हे निवृत्त होऊन घरीच असताना, त्या मुलीने सगळ्यांना गोळा करून वरच्या पऱ्याला पोत्यांचा बांध घातला. ओहोळाचं पाणी अडलं तर उन्हाळ्यात विहिरी टिकतील, असं तिने इतकं सुंदर सांगितलं की म्हातारी माणसंसुद्धा फावडी घेऊन गेली. भाऊजी तेवढे म्हणाले, "दसरा जाऊ दे, पाऊस अजून गेला नाही." कोणी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही. तीन दिवसांनी रात्रभर पाऊस कोसळला आणि बांध वाहून गेला.

"पोती आर्‍याला थेट समुद्रात पोचली असतील," हे म्हणाले. त्या दिवशी ह्यांनी जेवण जरा जास्तच घेतलं.

पण पुढच्या आठवड्यात ती मुलगी घरोघर फिरली. आमच्या पडवीतही आली. "माझी चूक झाली. परत घालायचाय," एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी पाहते तर हे दाभण आणि सुतळी घेऊन पोत्यांची तोंडं शिवत बसलेले.

"आता कुठे गेला अनुभव?" मी विचारलं.

"पोतं शिवायला पण अनुभव लागतो," हे म्हणाले.

बैठकीच्या आधीच्या दिवसांत मी हे सगळं उलटसुलट करत होते. एकच सुपारी, ती त्यांच्या मताची टाकायची की माझ्या? त्यांच्या मागे त्यांचं मत राखावं, एवढं तरी आपल्या हातात आहे, असं वाटे. मग वाटे, ते समोर असताना ज्याला कधी मान दिला नाही, त्याला आता मान देणं हे जरा खोटंच आहे.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी भाऊजी आले. पडवीत बसले, चहा घेतला. उठताना म्हणाले, "वैनी, त्याची सुपारी माझी होती. ती गेली त्याच्याबरोबर. तुमची तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी सहाणेवर मी बायकांच्या बाजूला बसले. सुपारी मुठीत धरून धरून घामेजली होती. भाऊजींनी सगळ्यांसमोर त्या मुलीला विचारलं, "काय गो, यंदा बांध कधी घालशील?"

"तुम्हांला विचारून."

"आणि मी नाय सांगितलं तर?"

"तुमच्या पडवीत येऊन बसेन. काकी जेवायला घालतील."

लोक हसले. भाऊजीही हसले. मी मात्र तिच्याकडे पाहत राहिले. हे मी तिला शिकवलेलं भाषण नव्हतं. हे ती वाहून गेलेल्या पोत्यांकडून शिकली होती. वीस वर्षांचा अनुभव तिच्याकडे नव्हता, एका पावसाचा होता. पण तो तिने वाया घालवला नव्हता. एवढं पुरेसं आहे की नाही, मला अजूनही खात्रीने सांगता येणार नाही. मी उठले आणि सुपारी तिच्या ताटात टाकली.

मोजल्यावर तिच्या ताटात तीन सुपाऱ्या जास्त निघाल्या.

परतताना भाऊजी माझ्याबरोबर चालत आले. आमच्या कुंपणाच्या बेड्यापाशी फाटक धरून थांबले.

"वैनी, चूक केलात तुम्ही."

"ते पुढे दिसेल."

"दिवसाआड का होईना, पाणी येत होतं ना?"

"वीस वर्षांत दिवसाआडचं रोज झालं नाही, भाऊजी."

"पंप किती ताकदीचा आहे तो बघितलात? टाकी किती उंच आहे? पोरगी काय भाषण करून पाणी वर चढवणार?"

"मग ते तिला आधी सांगायचं होतं! वीस वर्षं स्वतःपाशीच ठेवलंत!"

माझा आवाज चढला होता. चार महिन्यांत तो एवढा चढला नव्हता. शेजारीण खळ्यात येऊन बघायला लागली. भाऊजी बेड्यावर हात आपटून मुद्दे सांगत होते आणि मी एकेक खोडून काढत होते. डोळ्यांत पाणी होतं, तरी थांबावंसं वाटत नव्हतं.

शेवटी दमले तेच. टोपी नीट करत म्हणाले, "रविवारी येतो चहाला. माझं संपलेलं नाही अजून."

"या," मी म्हटलं. "माझंही नाही."